जुनी बाईक पेट्रोल पितेय? कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी हे करून बघा

दिवाळीनंतर मी सेकंडहँड १५० सीसी घेतली, २०१२ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग असलेली). मालक म्हणाला "आरामात पन्नास देते" आणि मी पण मान डोलावली, कारण गाडी चकाचक होती आणि इंजिनचा आवाज गोड होता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की सोमवारी टाकलेलं पाचशेचं पेट्रोल गुरुवारी संध्याकाळी रिझर्व्हला लागतंय. माझं रोजचं जाऊन-येऊन ४० किमी, म्हणजे महिन्याला हजारभर किमी. ३० च्या ॲव्हरेजला त्यात ३३ लिटर जातं, ४५ च्या ॲव्हरेजला २२. दर महिन्याला अकरा लिटर कुठे जातंय तेच कळेना.

मग गॅरेज सुरू झालं. पहिल्याने पाच मिनिटात स्क्रू फिरवला आणि म्हणाला ट्यूनिंग केलंय, आता बघा. काही फरक नाही. दुसरा म्हणाला कार्ब्युरेटर किट टाकावं लागेल. तिसरा तर थेट हाफ इंजिनवर (म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलून बोअर-पिस्टनचं काम) आला. शेवटी एक रविवार घेऊन मीच बसलो, आणि खरी कारणं निघाली त्यातल्या एकालाही इंजिन खोलायची गरज नव्हती. त्याच क्रमाने लिहितोय, कारण क्रम चुकला की पैसे जातात.

आधी मोजा, मग बोला

"पाचशेत इतके दिवस जाते" हे मोजमाप नाही. काट्यावर पण विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीचा पेट्रोल काटा स्वतःच्या मर्जीने चालतो.

साधी पद्धत: गाडी मेन स्टँडवर लावा, टाकीच्या गळ्यात आत एक खूण ठरवा (माझ्या टाकीत आत पत्र्याची एक पट्टी दिसते, तिथपर्यंत) आणि तिथपर्यंत भरा. एकदम काठोकाठ भरू नका, उन्हात फुगून बाहेर येतं. किलोमीटर लिहून घ्या. १५०-२०० किमी नेहमीसारखी चालवा, मग त्याच पंपावर, परत मेन स्टँडवर, त्याच खुणेपर्यंत भरा. जितके किमी झाले भागिले जितकं पेट्रोल बसलं. बस. टाकी फुल करायची नसेल तर रिझर्व्ह ते रिझर्व्ह करा: रिझर्व्हला लागली की मोजून दोन लिटर टाका, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) परत मेनवर, किमी लिहा, परत रिझर्व्हला लागेपर्यंत चालवा. हे एकदा करून थांबू नका, दोनदा करा, कारण एका वेळी पाव लिटर इकडेतिकडे होतंच.

आणि मीटर बरोबर आहे का तेही बघा. मोबाईलवर जीपीएस लावून सरळ रस्त्यावर १० किमी चालवा आणि ओडोमीटरशी ताडून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांना मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, तिथली गरारी दुसऱ्या मॉडेलची बसवली असेल किंवा टायरचा साईज बदलला असेल तर मीटर खोटं बोलतं. माझ्या मेव्हण्याची गाडी ७० देते असं तो चार वर्षं सगळ्यांना सांगत होता, १० किमीला मीटर १२ दाखवतंय हे बघितल्यापासून तो विषय काढत नाही.

माझा पहिला आकडा आला २९.४. वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं. मी स्वतः पहिल्याच टप्प्यात हा नियम मोडला, ते पुढे येईलच.

चाकं हाताने फिरवून बघा

गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर. मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चेन असल्यामुळे ते फार फिरत नाही पण दोन-एक फेरे तरी सहज मारायला पाहिजे. माझं अर्ध्या फेऱ्यात थांबलं आणि थांबताना घर्रर्र आवाज. इथेच कळायला पाहिजे होतं, पण मी आपला कार्ब्युरेटरच्या मागे लागलेलो.

खात्री करायची तर मागचा ब्रेक न वापरता आठ-दहा किमी चालवून या, फक्त पुढच्या ब्रेकने हळूहळू थांबा. मग मागच्या ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाका (आधी बोट लावू नका, मी लावलं होतं). नुसता कोमट असेल तर चालेल. माझ्या ड्रमवर थेंब चर्रकन उडाले. म्हणजे मी रोज ४० किमी ब्रेक दाबूनच चालवत होतो.

कारण शोधलं तर अगदी साधं. पंक्चर काढताना चाक बाहेर येतं, परत बसवताना ब्रेकच्या रॉडचा नट अंदाजाने आवळला जातो, चेनही आवळली जाते, आणि आपण "ब्रेक एकदम कडक झाला" म्हणून खूष होतो. मागच्या ब्रेकच्या पायडलला २०-३० मिमी मोकळा खेळ लागतो, त्यानंतर ब्रेक पकडला पाहिजे. नट सैल करूनही चिकटत असेल तर ड्रममधला कॅम गंजलेला असतो, चाक काढून कॅमची पिन साफ करून किंचित ग्रीस लावायचं, लायनरला लागू द्यायचं नाही. पुढे डिस्क असेल तर पॅड हलके घासल्याचा आवाज चालतो पण चाक अडता कामा नये, अडत असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना जाम आहेत. डिस्कचं काम सवय नसेल तर करून घ्या, ब्रेक आहे तो.

चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करा, साधारण २५-३० मिमी हलली पाहिजे, पण चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, जुनी चेन सगळीकडे सारखी नसते, सगळ्यात ताठ जिथे असेल तिथे हे माप धरा. कोरडी चेन पण खाते, पाचशे-सहाशे किमीला साफ करून चेनचं ल्यूब किंवा गिअर ऑईल. ॲक्सलच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का बघा, नाहीतर चाक तिरकं पळतंय.

हवा: चेनकव्हरवर किंवा साईडला स्टिकर असतो, बहुतेक कम्यूटर गाड्यांना पुढे २५ आणि मागे एकट्याला २८, डबलसीटला ३२ च्या आसपास पीएसआय. टायर थंड असताना. माझ्या मागच्या टायरात १७ निघाली. सतरा!

तर ब्रेक आणि हवा मी एकाच दिवशी केलं, दम निघाला नाही, त्यामुळे कशाने किती वाढलं ते सांगता येणार नाही. पण पुढचा आकडा ३५.८ आला आणि खर्च शून्य.

एअर फिल्टर आणि प्लग

फिल्टरचा डबा उघडा. माझ्या डब्यात शेंगांची टरफलं होती. उंदराने बहुतेक गाडी उभी असताना तिथेच संसार थाटला होता. हवा अडली की कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त ओढतो, हिशोब एवढाच. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेल नाहीतर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मग थोडं इंजिन ऑईल लावून पिळून बसवा. कागदाचा कोरडा असेल तर आतून बाहेर हवा मारा, बाहेरून आत नाही. आणि कागद तेलकट असेल तर तो धुवायचाही नाही, हवाही मारायची नाही, थेट बदलायचा. दोन-अडीचशे रुपयांच्या आसपासचा पार्ट असतो, त्यावर कंजूषी नको. फिल्टर काढूनच चालवणारे महाभाग पण आहेत, त्यांचं बोअर-पिस्टन धूळ खातं आणि मग हाफ इंजिनवाल्याची दिवाळी.

आता प्लग, कारण प्लग म्हणजे इंजिनची जीभ, डॉक्टर जसं आ करायला सांगतो तसं. पण नीट बघायचा तर गाडी १०-१५ किमी मोकळ्या रस्त्यावर एका स्पीडने चालवा, बाजूला घ्या आणि लगेच बंद करा, आयडलवर (रेस न देता चालू) ठेवू नका. इंजिन पुरतं गार झाल्यावरच प्लग खोला, गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून काढताना आटे जातात आणि मग वेगळाच खर्च. टोक विटकरी किंवा चहासारखं तपकिरी असेल तर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) ठीक. कोरडं काळं, बोटाला काजळासारखं लागतंय, म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं, चकचकीत, तेलकट काळं असेल तर ऑईल जळतंय, तो विषय खाली. पांढरंफटक असेल तर उलट पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय.

माझा प्लग असा काळा होता की अंगठा आणि तर्जनी दोन दिवस धुतली तरी निघेना. गॅप बहुतेक गाड्यांत ०.७ मिमीच्या आसपास असते, मॅन्युअल बघून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. बसवताना आधी बोटांनी फिरवून पूर्ण आत घ्या, पाना फक्त शेवटी.

नवीन फिल्टर, साफ प्लग, परत मोजलं: ३८.१. प्लग परत काढला तर परत काळा. म्हणजे अजून कुठून तरी जास्तीचं पेट्रोल जातंय.

चोक. माझा खरा चोर

हे कोणी बघतच नाही. चोक म्हणजे थंड इंजिन चालू करायला जास्तीचं पेट्रोल देणारी वाट. चोकचा खटका बंद दिसतो म्हणून आपण समजतो चोक बंद आहे. पण खटका आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये एक केबल असते आणि तिच्या टोकाला पितळेचा छोटा प्लंजर, तो खाली पूर्ण बसला तरच जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद होते.

टेस्ट: इंजिन चांगलं गरम झालं की आयडलवर चोक ओढा. चोक नीट बंद होता तर गाडी लगेच गुदमरेल, आवाज बदलेल किंवा बंद पडेल. काहीच फरक पडला नाही तर चोक आधीपासूनच थोडा उघडा आहे असं समजा (किंवा केबलच तुटलीय). माझ्या गाडीला काही फरक पडला नाही. अजून एक खूण होती ती मी कौतुकाने सांगायचो, की थंडीत पहाटे पण गाडी चोक न देता हाफ किकला चालू होते. होणारच ना, चोक कायम दिलेलाच होता.

कार्ब्युरेटरकडचा चोकचा नट फिरवून बाहेर काढला. प्लंजर ठीक, स्प्रिंग ठीक, केबल मात्र नवी. आधीच्या मालकाने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची घातली असावी, बोटाच्या पेराएवढी आखूड. त्यामुळे खटका बंद केला तरी केबल ताणलेलीच आणि प्लंजर दोनेक मिमी वर लटकलेला. नीट असेल तर बंद अवस्थेत खटक्याला थोडा ढिला खेळ लागतो, इथे अजिबात नव्हता. योग्य लांबीची केबल शंभरेक रुपयात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चोक दिल्याशिवाय चालू होईना, एवढा आनंद मला गाडी चालू न झाल्याचा कधी झाला नव्हता.

आकडा: ४४.६.

गळती बघा, रात्रभर बाटली लावून

माझ्याकडे गळती नव्हती पण तुमच्याकडे असू शकते. कार्ब्युरेटरखाली ओव्हरफ्लोची नळी लोंबत असते, तिचं टोक रिकाम्या बाटलीत सोडा, कॉक चालू ठेवा, रात्रभर गाडी उभी राहू द्या, बंद खोलीत नाही, उघड्यावर. सकाळी बाटलीत पेट्रोल असेल तर फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरची वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी) बसत नाहीये. आणि नळीतून न येता काही गाड्यांत ते इनटेकमधून इंजिनमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून वास घ्या, ऑईलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर ती गाडी चालवू नका, आधी सुई दुरुस्त करा, मग ऑईल बदला. ज्यांना व्हॅक्यूमवाला (इंजिनच्या ओढीने उघडणारा) कॉक आहे त्यांनी इंजिनकडे जाणारी बारीक नळी काढून बघावी, ती कोरडी पाहिजे, ओली असेल तर कॉकमधला पडदा फाटलाय आणि इंजिन तिथून थेट पेट्रोल ओढतंय. हे सगळं करताना विडी-सिगारेट लांब ठेवा, सांगायची गरज नाही पण सांगतो.

आता कार्ब्युरेटर

इथपर्यंत येऊनही प्लग काळाच असेल तर आता उघडा. खालची वाटी काढल्यावर आधी सुई: रबरी टोकावर गोल खड्डा पडला असेल तर बदला. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय. मग जेट (मोजून पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे). प्रत्येक जेटवर बारीक नंबर कोरलेला असतो, मॅन्युअलमधल्या नंबरशी ताडा. "पिकअप वाढवून देतो" म्हणून मोठा मेन जेट टाकणारे भरपूर आहेत, आधीच्या मालकाने तसं केलं असेल तर तो तुम्हाला सांगणार नाही. जेट साफ करायला तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ते परत लहान होत नाही. कार्ब क्लीनर आणि हवा, एवढंच. पण क्लीनर रबरावर मारू नका. वरच्या झाकणाखाली काळा रबरी पडदा असेल तर तो हलक्या हाताने उजेडासमोर धरा, टाचणीएवढं भोक असलं तरी पिकअप जातो आणि मग आपण थ्रॉटल जास्त पिळतो.

लाखभर किमी झालेल्या गाडीत मधली लांब सुई आणि ती ज्या नळीत वरखाली होते ती नळी झिजलेली असते. भोक गोलाचं लंबगोल होतं, आणि आपण सगळ्यात जास्त ज्या अर्ध्या थ्रॉटलला चालवतो तिथेच जास्त पेट्रोल सुटतं. याला ट्यूनिंगचा उपाय नाही, दोन्ही जोडीनेच बदलायचे.

आणि तो प्रसिद्ध स्क्रू. दोन प्रकारचे असतात आणि इथेच घोळ होतो. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर फिरवला की पेट्रोलचं प्रमाण कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर फिरवला की प्रमाण वाढतं. म्हणजे एकाच दिशेने फिरवून दोन गाड्यांत उलटा परिणाम. फिरवायच्या आधी हलक्या हाताने पूर्ण आत घेत फेरे मोजा आणि लिहून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते. मग मॅन्युअलमधल्या फेऱ्यांवर आणा, इंजिन गरम करा आणि पाव-पाव फेरा इकडेतिकडे करत जिथे आयडल सगळ्यात स्थिर आणि वर जातं तिथे थांबा, शेवटी आयडल १४०० च्या आसपास खाली आणा. हा स्क्रू आयडल आणि अगदी कमी थ्रॉटललाच काम करतो, हायवेवरचं ॲव्हरेज त्याने सुधारत नाही. ॲव्हरेजच्या हव्यासापायी पेट्रोल फार कमी पण करू नका, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फट-फट आवाज आणि इंजिन भट्टीसारखं तापायला लागलं तर समजून जा.

इंजिन खरंच गेलंय का

हाफ इंजिनला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी. पहिली टॅपेट (वाल्व्हची फट), इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलमधल्या मापाला, फीलर गेजने. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूष होऊ नका, फार टाईट असतील तर वाल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटतं. माझा एक्झॉस्टचा टाईट निघाला, त्यानंतर ४६ च्या वर गेली.

दुसरी क्लच. मी यवतेश्वरच्या घाटात बघितलं: वरच्या गिअरला चढावर थ्रॉटल पिळा, आरपीएम वाढतोय पण स्पीड वाढत नाही तर क्लच घसरतोय. आधी लिव्हरचा खेळ बघा, १०-१५ मिमी पाहिजे, मग ऑईल. बाईकमध्ये क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे, कारचं ऑईल टाकलं तर चांगल्या प्लेटा पण घसरतात.

तिसरी कॉम्प्रेशन. गेज असलेल्या गॅरेजमध्ये मोजून घ्या. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत मोजायला सांगा. आकडा बऱ्यापैकी वाढला तर रिंग-बोअर झिजलंय, नाही वाढला तर वाल्व्ह. त्यात निळा धूर आणि ऑईल कमी होत असेल तर मग खरंच खोलायची वेळ आलीय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, त्याला इंजिन खोलू नका.

२०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस६ गाड्या बहुतेक एफआय (फ्युएल इंजेक्शन, कार्ब्युरेटरऐवजी सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणाऱ्या) आहेत. तिथे चोक-जेट-स्क्रू काही नाही, पण चाकं, हवा, फिल्टर, प्लग, टॅपेट सगळं तेच. फक्त इंजिनचा पिवळा दिवा लागत असेल तर अंदाजाने पार्ट बदलू नका, स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, ऑक्सिजन सेन्सर किंवा टेंपरेचर सेन्सर बिघडला की गाडी गुपचूप जास्त पेट्रोल सोडते.

राहता राहिलं इथेनॉल, कारण हल्ली सगळं खापर त्याच्यावर. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मुळात साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्याला जुळवलेल्या दुचाकींना २० टक्के इथेनॉलने ३ ते ४ टक्के फटका धरला होता. लोकांचा अनुभव याहून जास्त असू शकतो, पण ते दुप्पट धरलं तरी पन्नासची सेहेचाळीस होईल, एकोणतीस नाही. जुन्या गाडीत खरी भीती रबराची आहे, नळ्या कडक होऊन तडकल्यात का, सुईचं टोक फुगलंय का ते बघत राहा. आणि इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

एवढं करूनही जमलं नाही आणि गॅरेजला जायची वेळ आलीच तर "ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगू नका. आकडे दाखवा, काढलेला प्लग दाखवा, काय काय करून झालंय ते सांगा, म्हणजे परत तोच स्क्रू फिरवून पाठवणार नाहीत. जेट, सुई काही बदललं तर जुना पार्ट मागून घ्या आणि नंबरसकट डबीत ठेवा. माझ्या डबीत सध्या एक आखूड चोक केबल आहे, आणि थोडी टरफलं.